लिंबू फुटल्याचा आवाज

चाकाखाली लिंबू फुटताना मी शेकडो वेळा पाहिलं आहे, ऐकलं मात्र पहिल्यांदाच. २ ऑक्टोबर २०२५, दसरा. पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका शोरूमचं दार, सकाळचे साडेदहा. नव्या गाडीच्या चार चाकांपुढे चार लिंबं ठेवलेली. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागे आई. ब्रेकवरचा पाय हळूच सैल केला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. पच्. लगेच दुसरा आवाज, जरा जाडसर. मग मागून दोन, जवळजवळ एकदम. लिंबं लहानमोठी होती, म्हणून आवाजही चार तऱ्हेचे आले. आईनं मागून विचारलं, "फुटली ना?" आणि तिनंच उत्तर दिलं, "फुटली, फुटली. ऐकू आली."

इतकी वर्षं हा आवाज इंजिनाखाली दबलेला होता. वरातीची गाडी असो, शेजाऱ्यांचा टेम्पो असो की आगारात आलेली कोरी एसटी, लिंबू फुटायच्या क्षणी इंजिन घुरघुरत असतं, चालवणारा हौसेनं ॲक्सिलरेटर दाबतो, वर कुणीतरी हॉर्न वाजवतं. विजेच्या गाडीला इंजिनच नाही. जुन्या कवितेच्या हस्तलिखितात पुसट झालेलं एखादं अक्षर दिवा जवळ नेल्यावर लख्ख दिसावं, तसं मला झालं. तेव्हापासून गाडी घरी आणण्याचा आपला हा सोहळा मला कवितेसारखा वाचावासा वाटतो. त्याला कुणी एक कवी नाही. पण रचना आहे, यती आहेत, ठरलेली सम आहे. कवितेचं रसग्रहण करताना शाळेत आधी शब्द पाहायला शिकवत, मग आशय. मीही शब्दांपासूनच सुरू करतो.

आमच्या घरात या एका घटनेला तीन क्रियापदं आहेत. शेजारी विचारतात, "गाडी काढली म्हणे?" काढणं हे मराठीतलं फार समृद्ध क्रियापद. विहिरीतून पाणी काढतात, शेतातून पीक काढतात, देवळातून पालखी काढतात. आत कुठेतरी होतं ते चारचौघांसमोर उजेडात आणलं. कर्जही काढतातच, आणि बहुतेक घरांत कर्ज काढूनच गाडी काढतात, तेव्हा हे क्रियापद दोन्हीकडचा भार सारख्याच निष्ठेनं उचलतं. बाबांचं क्रियापद वेगळं आहे. ते म्हणतात, "गाडी मिळाली." रसायनीच्या कंपनीत असताना त्यांनी १९७९ मध्ये स्कूटरसाठी नाव नोंदवलं आणि १९८५ मध्ये ती दारात उभी राहिली. किती स्कूटरी बनवायच्या हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं. आकुर्डीहून १९७२ पासून निघणाऱ्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटची, म्हणजे पुढे जी प्रीमियर पद्मिनी झाली तिचीही, तीच कथा. पैसे देऊनही जी वस्तू नंबर लागल्यावरच हाती येते, ती घेतली असं कसं म्हणायचं? ती मिळते. नोकरी मिळते, प्रवेश मिळतो, तशी.

तिसरं क्रियापद नव्वदी ओलांडलेल्या आजीचं. ती आमच्या आगरी बोलीत विचारायची, "गारी कवा येल घरान?" गाडी येते. सून येते, गाय येते, भाद्रपदात गौरी येतात, तशी गाडी आपल्या पायांनी येते आणि आपण तिला घरात घ्यायचं असतं. तिन्ही क्रियापदं खरी आहेत. पण हा सगळा सोहळा नीट पाहिला तर त्याची प्रत्येक ओळ आजीच्या क्रियापदावर बेतलेली दिसते. मालकी मिळाल्याची खूण त्यात फारशी नाहीच, आहे ते स्वागत. नजर लागू नये म्हणून लिंबू, कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, तोंड गोड करायला पेढा. डिलिव्हरी हा शब्दसुद्धा आपल्याकडे शोरूममध्ये आणि प्रसूतिगृहात सारखाच वापरतात. उसना शब्द आहे, पण मराठीत आल्यावर त्याला आपोआप पेढे चिकटले.

आता प्रतीक्षेबद्दल. भरतानं सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये औत्सुक्य आहे. मुख्य भावाला उचलून धरणारा, येऊन जाऊन असणारा हा भाव. आमच्याकडे तो गुढीपाडव्याला, ३० मार्चला गाडीचे पैसे भरले तेव्हा आला, आणि दसऱ्यापर्यंत मुक्कामाला राहिला. तारीख तीनदा पुढे गेली. फोन केला की समोरचा मुलगा सांगायचा, "कंटेनर घाटात आहे." सहा महिन्यांत हे वाक्य आमच्या घरचं झालं. पाऊस थांबेना तरी आई म्हणायची, कंटेनर घाटात आहे. शोरूममधल्या त्या मुलावर मी एकदा आवाज चढवला, त्याची अजून खंत वाटते, कारण तोही आमच्यासारखाच वाट पाहत होता.

आणि वाट पाहणारे आम्ही एकटे नव्हतो. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला महिंद्रानं बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांची नोंदणी उघडली, तर एका दिवसात ३०,१७९ गाड्या नोंदल्या गेल्या. त्या बनतात चाकणला. टाटांची नेक्सॉन बनते रांजणगावला, विजेवरची आली २०२० च्या जानेवारीत. पुण्याच्या बाजूनं मुंबईकडे जायच्या अशा गाड्या कंटेनरमधून बोरघाट उतरतात आणि पनवेलवरूनच पुढे जातात. सप्टेंबरच्या ५ तारखेला मुंबईत टेस्लाची देशातली पहिली गाडी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना मिळाली, तो फोटो पेपरात आला. बाबांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाले, "त्यांना आधी मिळाली." त्या वाक्यात असूया नव्हती. त्यात स्कूटरच्या रांगेत काढलेली सहा वर्षं होती.

मध्ये एक परीक्षाही झाली. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांचा होता तोच ५ टक्के राहिला. फरक कमी झाला, म्हणून दोन काका आणि एक मामा आम्हाला पेट्रोलकडे वळवायला आले. चहा पिऊन गेले.

वाट पाहण्याचा एक गुण असा की ती वस्तू येण्याआधीच पाठ होते. गाडी समोर आली तेव्हा मला तिचा रंग नवा वाटला नाही, ओळखीचा वाटला. नवी गोष्ट दाखवली ती बाबांनी. चष्मा कपाळावर सरकवून ते चारही टायरांपाशी वाकले. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३१२५ वाचून ते उठले आणि म्हणाले, "एकतिसावा आठवडा. म्हणजे ऑगस्टच्या तोंडाला. आपण पाडव्याला पैसे भरले तेव्हा हिचे टायरसुद्धा झाले नव्हते." सहा महिन्यांचं औत्सुक्य एका क्षणात वेगळंच दिसू लागलं. इतके दिवस मला वाटत होतं की गाडी कुठेतरी तयार उभी आहे आणि आपल्यापर्यंत पोचत नाहीये. प्रत्यक्षात आमचं थांबणं आणि तिचं घडणं बरोबरीनं चाललं होतं. प्रसूतिगृहातला शब्द शोरूमला का लागू पडतो, ते मला त्या चार आकड्यांत कळलं.

सोहळ्याचं पहिलं कडवं म्हणजे झाकलेली गाडी. तिच्यावर साटिनचं लाल कापड, घरच्यांनी चार कोपरे धरायचे आणि मागे ओढायचं. अंतरपाट दूर होण्याचीच ही जात. ज्याला हजारदा चित्रात पाहिलं त्याला पुन्हा एकदा न पाहिल्यासारखं करून पाहायचं. हे कडवं मला मनापासून आवडतं. पुढे कागदी चमकीची नळी फुटली आणि मोठ्या स्पीकरवर गाणं लागलं, ती मात्र भरतीची ओळ वाटली; आशयात काही घालत नाही आणि पुढच्या ओळीची शांतता मोडते. मग पुठ्ठ्याची हातभर लांब चावी हातात देऊन फोटो. आमच्या गाडीला चावी फिरवायची जागाच नाही, खिशात गोटी असली की दार उघडतं. पण त्या पुठ्ठ्याच्या चावीला मी भरतीची म्हणणार नाही. घराची किल्ली सासूच्या कमरेची सुनेच्या कमरेला जाते तेव्हा काय हस्तांतरित होतं ते आपल्याला माहीत आहे. वस्तू गेली तरी तिची खूण भाषेत राहते. मोबाइल आला तरी आपण फोन "उचलतो"च.

नारळ वाढवला. फोडला म्हणायचं नाही, वाढवला. मंगलकार्यात मोडणं, विझणं, फुटणं हे शब्द जिभेवर येऊ द्यायचे नाहीत, बांगडीही वाढवायची. आईनं मात्र लिंबाला बेधडक "फुटली" म्हटलं, कारण लिंबानं फुटायचंच असतं, इडापिडा घेऊन. नारळ आणि लिंबू शेजारी-शेजारी असून दोघांची क्रियापदं इतकी काटेकोर वेगळी ठेवणारी आपली भाषा मला त्या क्षणी फार थोर वाटली.

आणि मग आली ती ओळ, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. बाबांनी सवयीनं बॉनेट उघडायला सांगितलं. स्कूटर असो की काकांची जीप, पूजा म्हणजे इंजिनाची पूजा असा त्यांचा कारखान्यातला संस्कार. खंडेनवमीला यंत्राला हार घातलेला माणूस. बॉनेट वर गेलं. आत प्लास्टिकचं झाकण, त्याखाली पाटीएवढी मोकळी जागा आणि तिच्यात चार्जिंगची केबल गुंडाळून ठेवलेली. बाबा बघत राहिले. हार घालायला, कुंकू लावायला समोर काहीच नव्हतं. मोटर खाली दडलेली, बॅटरी तर पायाखाली, सबंध जमिनीभर पसरलेली. भक्त गाभाऱ्यात पोचावा आणि मूर्ती दिसू नये तसे ते दोन क्षण.

आईनं विचारलं, "ही चार्ज कुठून होते?" मी बाजूचं झाकण दाबून उघडलं. आत सात छिद्रांची गोल खाच आणि तिच्याखाली दोन मोठ्या छिद्रांची जोडी. आईनं ताम्हनातलं हळदीकुंकू उचललं आणि त्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोटानं दोन टिकल्या लावल्या, एक पिवळी, एक लाल. म्हणाली, "खाते ना ती इथूनच?" मग अक्षता घातल्या, त्यातला एक दाणा फटीत जाऊ नये म्हणून फुंकरही मारली. शोरूममधला मुलगा थांबला, आणि त्यानं मान डोलावली.

परंपरा कशी वाढते हे पुस्तकात वाचलं होतं. इथे ती माझ्या डोळ्यांदेखत एक ओळ वाढली. आईनं कुणाला विचारलं नाही, कुठल्या पोथीत पाहिलं नाही. यंत्राचं तोंड कुठे आहे एवढं तिनं शोधलं आणि पूजा तिथे नेली. चुलीची पूजा ती जिथे करते, जात्याची जिथे करायची, त्याच न्यायानं. रसग्रहणात आपण कवीच्या प्रतिभेला दाद देतो ती अशा ठिकाणी, जिथे जुन्या वृत्तात नवा शब्द मात्रा न मोडता बसतो. ती पिवळी टिकली अजून आहे. लाल पुसट झाली आहे.

नंबरप्लेट हिरवी, अक्षरं पांढरी, एमएच ४६. विजेवरच्या खासगी गाडीला ही रंगसंगती, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी अक्षरं. नव्या कोऱ्या हाराच्या केशरी झेंडूखाली ती हिरवी पाटी इतकी शोभली की तोरणातलं आंब्याचं पानच कुणीतरी खोचलंय असं वाटावं.

आता गाडी सुरू करायची. या क्रियेलाही इतिहास आहे. एके काळी पुढून हँडल घालून इंजिन फिरवावं लागे, हाताला झटका बसे. बाबांची स्कूटर सकाळी रुसली की ते तिला डावीकडे पार कलती करायचे, क्षणभर तशीच धरायचे, सरळ करून किक मारायचे. तिसऱ्या-चौथ्या किकेला ती खोकायची आणि आम्ही पोरं ओट्यावरून टाळ्या वाजवायचो. मग चावी आली, मग बटण. प्रत्येक पायरीवर अंगमेहनत कमी झाली, पण शेवटी तो आवाज ठरलेला होता, आणि आवाज आला की सगळ्यांच्या खांद्यावरचा ताण उतरायचा. तीच या सोहळ्याची सम होती. मी ब्रेक दाबून बटण दाबलं, समोरच्या पडद्यावर हिरवं "रेडी" उमटलं आणि बाकी काहीही झालं नाही. बाबा म्हणाले, "लाव ना." मी म्हटलं, "लागली." कुणीच काही बोललं नाही. त्या रिकाम्या राहिलेल्या समेवर चार लिंबं येऊन पडली. पच्, आणि बाकीची तीन. अद्भुत रसाला आलंबन म्हणून एवढंसं लिंबू पुरतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तसं पाहिलं तर पनवेलकराला विजेवर चालणाऱ्या गाडीचं नवल वाटायचं कारण नाही. देशातली विजेवरची पहिली रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, ती हार्बर मार्गावर. त्याच हार्बर मार्गाच्या टोकाला आज पनवेल आहे. माझी तीस वर्षांची नोकरी त्या विजेवर झाली. पण लोकलमध्ये आपण विजेच्या आत बसतो. इथे ती आपल्या पायाच्या अंगठ्याखाली येते, दाबाल तेवढी.

घरी आजी ओट्यावर बसली होती. गाढी नदीकाठच्या आमच्या गावठाणात रस्त्याकडे तोंड करून, शेजारी तांब्या आणि ताटलीत भाकरीचा तुकडा. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून ती ऐकण्याची तयारी करून बसली होती. गाडी येईल, आवाज येईल, मग उठायचं. गाडी वळणावरून आली, अंगणात शिरली, तिच्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि आजी रस्त्याकडेच कान लावून बसलेली. आईनं दार उघडून खाली पाय ठेवला तेव्हा ती दचकली. "आली कवा?"

गौरी येतात तेव्हा त्यांच्या येण्याला आवाज नसतो. पावलं आपण काढतो, दारापासून चुलीपर्यंत, आणि विचारतो, गौर कशाच्या पावलानं आली, आणि आपणच उत्तर देतो. आजीनं जन्मभर जे क्रियापद वापरलं त्याला साजेसं वाहन तिला नव्वदीनंतर भेटलं. तिनं पुढच्या चाकावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पत्र्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "गरम नाय," एवढंच म्हणाली. जीपच्या बॉनेटवर आजवर तिनं हात ठेवला की चटका बसायचा.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याला, एकवीरेच्या पायाशी. आगरी-कोळ्यांच्या घरात नवी गाडी आली की हे ठरलेलंच. वाटेत महडला वरदविनायक, मग खोपोलीहून घाट. चढताना गाडीनं बॅटरी भराभर खाल्ली आणि बाबा कासावीस झाले. हिशेब सोपा आहे: माणसांसकट अठराएकोणीसशे किलोचं वजन साडेपाचशे मीटर उचलायचं, तर नुसतं उचलायलाच पावणेतीन युनिट वीज लागणार, रस्त्याची ओढ वेगळी. मी त्यांना म्हटलं, यातली थोडी परत मिळते. त्यांचा विश्वास बसला नाही. बाबांकडे स्कूटरच्या काळापासूनची एक डायरी आहे: तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, पैसे किती. उतारावर ते स्कूटर बंद करून सोडायचे, दोन थेंब वाचवायला. धोक्याचं होतं, पण पगारही तेवढाच होता.

परतताना आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्यानं उतरलो. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून रुपया टाकला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची आख्यायिका आहे, आणि घाट चढणारा-उतरणारा त्याला विसरत नाही. खंडाळ्याहून निघताना पडद्यावर ५६ टक्के होते. मी पाय उचलला की गाडी स्वतःच आवरती व्हायची, जशी उतारावर बैलजोडी मागे रेटून गाडा धरते; त्या रेट्यात मोटर उलटं काम करून वीज बॅटरीत घालते. खाली खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे टाटांचे पाइप दिसले. लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी त्यांतून कोसळतं आणि खाली वीज होते, १९१५ पासून. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. वरून खाली येणाऱ्या वजनातून वीज काढायची ती युक्ती या डोंगराला शंभरावर वर्षं ठाऊक आहे. आमची गाडी त्याच उतारावर तेच काम चमच्यानं करत होती.

बाबा पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होते. "५७." दोन वळणं गेली. "५७च." आई मागून म्हणाली, "अहो, त्याला गाडी चालवू द्या." घाट संपला, खोपोलीचं पहिलं दुकान दिसलं. "५८," बाबा म्हणाले, आणि मला बाजूला घ्यायला सांगितलं.

मी गाडी थांबवली. त्यांनी शर्टाच्या खिशातून डायरी काढली, तारीख घातली, किलोमीटर पाहून लिहिले. मग पेट्रोलच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थोडं थांबलं, आणि तिथे त्यांनी लिहिलं: +२.